ओढ्याकडे कान

"पोरीला नाही का म्हणालीस?"

आत्यांचा प्रश्न सरळ होता, आणि उत्तर त्यांना ठाऊक असेल असं मी धरून चालले होते. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्यांचं माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातली एक वाडी. माझं माहेर आटपाडीकडं, माणदेशात. आम्ही राहतो मधे, कऱ्हाडला. लेकीला मैत्रिणींबरोबर नवजाला, ओझर्डे धबधबा बघायला जायचं होतं. जुलैचा शेवट, पाऊस लागून राहिलेला. मी जाऊ नको म्हटलं होतं.

"तुमच्यामुळं नाही म्हणाले," मी म्हटलं. "२०२१ पासून जुलै लागला की तुम्ही रात्र रात्र जाग्या असता. मिरगाव, ढोकावळे, आंबेघर, त्या साली दरडीखाली गेलेली सगळी तुमच्याच तालुक्यातली गावं. त्याच डोंगरात आपल्या पोरीनं भिजायला, नाचायला जायचं? मला ते पटेना."

"मला झोप लागत नाही म्हणून तिनं भिजायचं नाही?"

"तसं नाही, आत्या. पण जिथं माणसं गाडली गेली तिथं आपण मौजेनं जायचं..."

"मौज वाईट का?"

"मौज नाही वाईट. जागा."

"जागा माझी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेराला तू आता मसणवाटा ठरवतीस होय?"

हे मला लागलं. आणि तिथून बोलणं सुरू झालं ते दुपार सरेपर्यंत चाललं.

आम्हा दोघींचा पाऊस एक नाही, हे आधी सांगायला हवं. पावसाळाभर इथल्या वर्तमानपत्रांत एक चौकट येते: कोयना, नवजा, महाबळेश्वर. चोवीस तासांत किती पडला, धरणात किती टीएमसी झाला. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आटपाडीकडं वर्षभरात ५०० मिलिमीटर म्हणजे चांगलं साल. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्री चढताना गार होतो, पाणी तिथंच टाकतो, आणि घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरताना तापून कोरडा होतो. आत्यांच्या वाडीवर रिकामा झालेला तो वारा माझ्या माहेरी यायचा. जून-जुलैत आमच्याकडं नुसता वाराच. ढग डोक्यावरून जायचे, माळावर त्यांची सावली धावायची, आणि आई अंगणातल्या शेण्या झाकायलाही उठायची नाही. पोरं कडुलिंबाचा पाला अंगाला बांधून धोंडी काढायची, दारोदार त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं जायचं. आणि ज्या घरात प्यायला दोन हंडे होते तिथूनही एक तांब्या ओतला जायचाच. आमचा खरा पाऊस परतीचा. उत्तरा, हस्त. हत्तीचा पाऊस पडला की शाळू पेरायचा. त्यामुळं लहानपणचा एकेक पाऊस मला वेगळा आठवतो. कोणता पाऊस आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात होते, कोणत्या पावसात वडील पेरणीचं बी डोक्यावर घेऊन पळाले, कोणता नुसताच भुरभुरून गेला आणि आजी दारात उभी राहून रडली. पाऊस लागला की मी आजही कामं टाकून बाहेर येते.

हे सगळं मी आत्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आम्हाला कुठला वेगवेगळा आठवणार? आमचा एकच पाऊस होता, चार महिन्यांचा."

"मग त्यात आठवण काढण्यासारखं काय?"

"तेच की. सांगते." आणि त्या सांगत गेल्या. मृगाआधी कौलं चाळायची, पावसाच्या अंगाच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधायच्या, चार महिन्यांची लाकडं माळ्यावर रचायची. मग तो एकदा लागला की सूर्य म्हणून नाही. कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळायचे, शाळेत प्रत्येकाच्या अंगाला धुराचा वास. पायाच्या बोटांत चिखल्या, घोट्याला जळवा. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन भाताच्या लावणीला वाकायचं ते संध्याकाळी सरळ व्हायचं, आणि सरळ होताना कंबर ओरडायची. कुर्डू, भारंगी, टाकळा, नाचणीची भाकरी. पोरांनी धरून आणलेले खेकडे निखाऱ्यावर.

"तू म्हणतीस, ज्याला पाऊस सोसावा लागत नाही त्यानंच मौज करावी, आम्ही दुःखी असणार," आत्या म्हणाल्या.

"उलट म्हणते. ज्याला सोसावा लागत नाही त्यानं मौज करू नये, असं म्हणते."

"दोन्ही एकच. दोन्हीत माझ्या वाट्याला रडणंच. अगं, लावणीला वाकलेलो असताना वरून असा काही कोसळायचा की समोरची बाई दिसायची नाही. मग काम थांबायचं. आम्ही तिथंच चिखलात उभ्या राहून हसायचो. कशाला हसायचो ते सांगता नाही यायचं. तोंडात पाणी जायचं तरी हसू थांबायचं नाही. ते हसणं काय करू मी? दरड पडली म्हणून ते आता खोटं का?"

मी थोडा वेळ गप्प राहिले. पण माझा मुद्दा अजून संपला नव्हता.

"तुमचं हसणं खरंच," मी म्हटलं. "कारण तुम्ही त्या चिखलात राबत होता. त्या हसण्याची किंमत तुम्ही कमरेनं दिली होती. आमची पोरगी गाडीतून जाणार, दोन तास भिजणार, कणीस खाणार, फोटो काढणार आणि परत येणार. तिनं काय दिलं? आणि रविवारी तिथं जाऊन बघा. गाण्यांचा गोंगाट, बाटल्या. खाली ज्यांच्या घरात माणूस गेलंय ते हा सगळा आवाज ऐकत असतील."

"बाटल्यांचं सोड. ते वाईटच. त्यावर तुझं माझं भांडण नाही. किंमत म्हणालीस ना? मग तुझ्या भावाचं सांग."

मला कळलं त्या कुठं नेत आहेत ते.

ऑगस्ट २०१९. कृष्णा आणि कोयना दोन्ही फुगलेल्या, कऱ्हाडच्या सखल भागात पाणी, खाली सांगली शहर बुडालेलं, माणसं होडीतून बाहेर काढत होते. आणि त्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, आटपाडी-जतकडं, टँकर चालू होते, जनावरं चारा छावणीत होती. माझा भाऊही छावणीवर होता. मला रोज फोन करून विचारायचा, कोयना किती भरली. आणि म्हणायचा, अजून पडू दे, आमच्याकडंही येऊ दे. मी इकडं नदीचं पाणी चढताना बघत होते आणि तिकडं तो पाऊस मागत होता.

"तू त्याला म्हणालीस का," आत्यांनी विचारलं, "की सांगली बुडतीय आणि तू पाऊस मागतोस, लाज नाही वाटत?"

"नाही."

"का नाही?"

"त्याची जनावरं उपाशी होती, आत्या. त्याची गरज होती."

"म्हणजे गरज असली की मागितलेलं चालतं. आवडतो म्हणून मागितला तर पाप."

"पाप म्हणत नाही मी. पण फरक आहे. गरज माणसाला पावसाशी बांधून ठेवते. आवड आली तशी जाते. ज्याला गरज आहे त्याला चांगला-वाईट दोन्ही पाऊस घ्यावा लागतो. ज्याला आवड आहे तो नको झाला की खिडकी लावून घेतो."

हे बोलताना मला माझंच म्हणणं भक्कम वाटत होतं. आजही त्यात तथ्य आहे असं मी मानते. आपल्याकडच्या पावसाळी आठवणींत मला सलतं ते हेच. त्या बहुतेक खिडकीच्या आतल्या असतात. चहा, भजी, पागोळ्या, मातीचा वास, एखादं जुनं गाणं. त्यात खोटं काहीच नाही, आणि मला त्या आठवणी प्रिय आहेत. पण त्या पावसाला कधीही परतवून लावता येत होतं. खिडकी लावली की तो संपत होता. ज्याला असं परतवता येत नाही त्याच्याशी आपलं नातं वेगळं असतं. आजारी आईशी, तापट बापाशी असतं तसं.

आत्यांनी मात्र मला तिथं थांबवलं.

"गरज बांधून ठेवते म्हणतीस? गरजेनं तर आमचं खोरं रिकामं केलं. तुझे सासरे मुंबईला गेले ते गरजेपायी. पाटणची, जावळीची किती माणसं तिकडं माथाडी झाली! त्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले. भातानं पोट भरत नव्हतं, म्हणून गेले सगळे. आता मला सांग, ते परत का येतात? गौरी-गणपतीला, भर पावसात, एसटीत उभ्यानं. पडकं घर, गळकं छप्पर, तिथं चार दिवस राहायला. त्यांना कुठली गरज आहे?"

मला उत्तर सुचलं नाही.

"आवडतं म्हणून येतात. आणि येतात म्हणून कौलं बदलली जातात. येतात म्हणून ओढ्यावरचा साकव पडला तर कुणीतरी तालुक्याला जाऊन तक्रार करतं. गरज असती तर गाव कधीच मेलं असतं. आमचं गाव आवडीवर जगलंय."

गरजेपेक्षा आवड जास्त काळ टिकते, असं मला कोणी पुस्तकात वाचून दाखवलं असतं तर मी मान्य केलं नसतं. पण कोयनेच्या खोऱ्याकडं बघितलं तर आत्यांचं म्हणणं नाकारता येत नाही. तिथं गरजेनं माणसं बाहेर काढली ती दोनदा. एकदा मुंबईनं, आणि त्याआधी धरणानं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी चढायला लागलं तेव्हा आत्या लहान होत्या. नदीकाठची भातखाचरं बुडाली, आणि वाडी होती तिथून वर सरकली. डोंगराच्या अंगाला चिकटून राहणारी ही वस्ती आपल्या हौसेनं तिथं गेलेली नाही, हे दरडीच्या बातम्या वाचताना आपण लक्षात ठेवत नाही. आत्यांची आई मरेपर्यंत खालच्या खाचरांतल्या पावसाच्या आठवणी सांगायची. ती खाचरं आता तळाशी आहेत. १०५ टीएमसीच्या त्या जलाशयावर पाऊस पडतो तो पाण्यावर पडतो. त्यातलं बरंचसं पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीला उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. उरलेलं कोयनेतून आमच्या कऱ्हाडला येतं, कृष्णेला भेटतं, आणि पुढं टेंभूला उपसून टप्प्याटप्प्यानं आटपाडीकडं चढवलं जातं. त्या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना माझे वडील आटपाडीला जायचे. आज माझ्या भावाच्या डाळिंबाला जे पाणी मिळतं त्यात आत्यांच्या आईच्या शेतांवरचा पाऊस आहे.

मी हे बोलून दाखवलं. "मग तुम्हीच सांगा," मी म्हटलं, "बाग भरली की भाऊ आनंदानं फोन करतो. त्या आनंदाखाली तुमची खाचरं बुडालेली आहेत. हे ठाऊक असताना मी त्याच्या आनंदात आनंद मानायचा कसा?"

"त्यानं डाळिंब पिकवू नये का?"

"पिकवावं."

"मग खाताना रडावं का?"

"नाही. पण ठाऊक असावं."

"हां," आत्या म्हणाल्या. "आता तू नीट बोललीस. ठाऊक असावं. पण नाही म्हणून घरात बसवलेल्या पोरीला काय ठाऊक होणार आहे?"

इथं माझ्या मनात एक शंका आली. ती विचारू की नको असं झालं, आणि मग विचारली.

"आत्या, एक विचारते, राग मानू नका. पोरीला तिथं जावंसं वाटतं ते तुमच्याच गोष्टींमुळं. लहान असल्यापासून तिनं तुमच्याकडून तो पाऊस ऐकलाय. खेकडे, शेकोटी, लावणीतलं हसणं. चिखल्या आणि जळवासुद्धा तुम्ही हसवत सांगता. पण तो पाऊस एवढाच होता का? गोड तेवढंच सांगितलेली आठवण खरी असते का? तिला जे ठाऊक असायला हवं म्हणता, ते तुम्ही तिला दिलंय का?"

आत्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला एक भाऊ होता धाकटा."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"श्रावणात त्याला ताप भरला. दवाखाना पलीकडं, आणि मधे ओढा. ओढ्याला हे एवढं पाणी. साकव तेव्हा नव्हताच. बापानं दोनदा त्याला पाठीशी बांधलं आणि दोनदा काठावरून परत आला. ओढा उतरायची वाट बघत बसलो. ओढा उतरला तेव्हा दवाखान्यात न्यायला काही उरलं नव्हतं."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"कुणाला सांगणार? आणि पुढचं तर कसं सांगणार? त्याच ओढ्यात मी पोहायला शिकले. दुसऱ्याच वर्षी. पाणी कमी झालं की आम्ही पोरी डोहात उड्या टाकायचो. मला इतकं आवडायचं ते! आणि पाण्यातून डोकं वर काढलं की आई काठावर दिसायची, धुणं धूत. मला वाटायचं, आता ही ओरडेल. तुझा भाऊ ज्याच्यापायी गेला त्याच पाण्यात तू नाचतीस, म्हणेल. ती कधीच ओरडली नाही. एकच सांगायची, वरचा आवाज बदलला की बाहेर ये."

"वरचा आवाज म्हणजे?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माणदेशात कधीच शिकायला मिळालं नसतं. डोंगरातल्या ओढ्याला पावसात एक चालू आवाज असतो. तो वाढत गेला तर पाणी चढतंय, ते कोणालाही कळतं. पण पाऊस तसाच पडत असताना ओढा एकाएकी हलका झाला, त्याचं पाणी ओसरलं, तर ते बरं नव्हे. वर कुठंतरी माती-दगड, झाडं येऊन वाट तुंबलेली असते. ती फुटली की सगळं एकदम खाली येतं. आत्यांचे वडील रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ओढा ऐकायचे. झऱ्याचं निवळ पाणी अचानक गढूळ आलं, जमिनीला नवी भेग पडली, सरळ असलेलं झाड वाकडं दिसायला लागलं, दाराची चौकट अडकायला लागली, की ते जाऊन डोंगराची कड बघून यायचे. दरडीचा अभ्यास करणारेही लोकांना हीच लक्षणं सांगतात.

"पावसाचा आवाज मला अजून आवडतो," आत्या म्हणाल्या. "तुला वाटतं मी रात्री भीतीनं जागी असते. भीती असते. पण मी ऐकत असते गं. इथं कऱ्हाडात ओढा नाही, गटार आहे. तरी कान जातोच. लहानपणी आवडीनं ऐकायचे का सावध राहायला ऐकायचे, ते मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही. एकाच कानानं दोन्ही."

त्या दुपारी मला जर कशानं हलवलं असेल तर याच बोलण्यानं. मी दोन तास आनंद आणि दुःख तराजूत घालून बसले होते: इतकी माणसं गेली, तेव्हा इतकी मौज वजा. पण आत्यांच्या लेखी आनंद म्हणजे पावसाकडं पुरतं लक्ष असणं. धबधब्याखाली मोठ्यानं गाणी लावणारा त्या पावसाला ऐकत नाही. आणि खरं सांगायचं तर शोक म्हणून लेकीला घरात बसवणारी मीही ऐकत नव्हते. मला फक्त बातमी ऐकू येत होती. माळीणला ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळला, इरशाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री. प्रत्येक वेळी काही दिवस आपण पावसाबद्दल बोलायला कचरतो, आणि मग पुन्हा जुन्या आठवणींकडं वळतो. डोंगर कसा बोलतो ते कोणाला विचारायचं मात्र राहूनच जातं. ज्यांना विचारावं ती माणसं आता सत्तरीच्या पुढं गेली आहेत.

तरी मी आत्यांना सोडलं नाही. त्यांनी मला सोडलं नव्हतं.

"मिरगावच्या लोकांना कान नव्हते का?" मी विचारलं. "तीही तुमच्यासारखीच त्या डोंगरात वाढलेली माणसं. मग त्यांना का कळलं नाही?"

"रात्र होती. आणि तसा पाऊस माझ्या बापानंही बघितला नव्हता. एवढा पडला की ओढा, वारा, डोंगर, सगळ्यांचा मिळून एकच आवाज होतो. त्यात काय वेगळं ऐकणार?"

"मग कान असून उपयोग काय?"

"दर वेळी होईलच असं कुठं म्हणाले मी? माझ्या बापाला ओढ्याचं सगळं कळायचं, तरी पोर वाचवता आलं नाही. म्हणून काय आईनं मला बहिरी ठेवायची होती?"

यावर मी काय बोलणार! पण यातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली, ती लिहिते. २०२१ च्या आधी आत्यांनी जी आठवण नातीला दिली, ती अर्धी होती, आणि अर्धी होती ती फक्त गोड होती म्हणून नव्हे. तिच्यातून ओढ्याचा आवाज गळला होता. भावाचं जाणं लपवायचं म्हणून ओढा लपवला, आणि ओढ्याबरोबर आईचं ते काठावरचं बोलणंही गेलं. दुःख वगळलं की त्याला चिकटलेलं शहाणपणही वगळलं जातं, आणि मग पोरांच्या हाती खेकडे आणि शेकोटी एवढंच उरतं.

"रविवारी नको," आत्या शेवटी म्हणाल्या. "रविवारी तिथं माणसांचाच आवाज असतो. हा म्हातारा पाऊस सरू दे. आश्लेषा लागल्या की बघू. आधी वाडीत जायचं, धबधबा मग. मी येते."

"तुम्ही? त्या चढानं?"

"एसटी जाते तिथवर जाईन. पुढं ती जाईल, वाट मी सांगेन."

"आणि तुमच्या भावाचं? ते सांगायचं तिला?"

"सांगायचंच."

"कधी?" मी विचारलं. हा प्रश्न मला आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा अवघड वाटत होता. "आधी सांगितलं तर ती ओढ्याकडं बघेल आणि तिला तेच दिसेल. पाण्यात पाय घालणार नाही. तुम्हाला जसा तो ओढा आवडला तसा तिला कधीच आवडायचा नाही. आणि खेळून झाल्यावर सांगितलं तर म्हणेल, मला आधी का नाही सांगितलं, मी कशात नाचत होते ते."

"मला कोणी सांगावं लागलं नाही. मी घरातच होते. सगळं बघितलं होतं आणि तरी उडी टाकली."

"तिनं बघितलेलं नाही."

"नाही."

"मी आधी सांगेन," मी म्हटलं. "तिला फसवून आनंद द्यायचा नाही मला. भ्याली तर भिऊ दे थोडी."

"आणि भ्याली म्हणून आलीच नाही तर?"

"तर तुम्ही आणि मी जाऊ."

"हे काही उत्तर नव्हे," आत्या म्हणाल्या.